ऐकू न येण्याचा सराव

वत्सलाआत्या गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी एक पत्र टाइप करत होते. फोन साहेबांच्या टेबलावर असतो, सगळ्यांच्या देखत उठून जाऊन घ्यावा लागतो. पलीकडून माझा चुलतभाऊ म्हणाला, "आत्या गेली. आत्ताच." मी "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला. जागेवर येऊन उरलेलं पत्र पूर्ण केलं, खाली साहेबांचं नाव टाइप केलं आणि मग पर्स उचलली. आत्याला ठेवलं होतं ते रामदासपेठेतलं हॉस्पिटल आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. रस्ताभर मला त्या "थँक यू"ची लाज वाटत राहिली. माझं असंच होतं. घाबरले की शाळेत पाठ करून घेतलेलं तेवढंच तोंडातून बाहेर पडतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला पुष्कळ लोक आले होते. तिचे जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, शाळेतल्या बाई... बहुतेक जण एकच गोष्ट सांगत, की पाचवीत आत्याने शिकवलेलं इंग्रजी पार कॉलेजपर्यंत पुरलं. माझे वडील मान हलवत. मी चहाचे कप उचलून आत जात असे. इंग्रजी शिकवायची परवानगी तिला कशी मिळाली, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. तिने ते घरात कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. आजोबा मिलमध्ये कामाला होते. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी ती मॅट्रिक झाली, इंग्रजीत अगदी काठावर. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती भावाकडे परत आली. मग वर्ध्याकडे राहून तिने सूतकताईचं प्रशिक्षण घेतलं, कारण त्या काळी शाळाशाळांतून सूतकताईचा तास असे आणि तो घेणारी माणसं कमी होती. अमरावती रोडवरच्या एका शाळेत तिला नोकरी लागली. आमच्या घरातली नोकरी करणारी ती पहिली बाई. मुलं तिला टकळीबाई म्हणत. टकळी म्हणजे वीतभराची बारीक तार, खाली पितळेची चकती. ती फिरवत कापसाच्या पेळूतून धागा ओढायचा. मी लहानपणी एकदा तिच्या तासाला जाऊन बसले होते. पन्नास मुलं होती आणि फरशीवर चकत्या फिरल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. "हात चालू असले का तोंड आपोआप बंद होते," असं ती म्हणायची. मला कॉन्व्हेंटात घालायचा हट्टही तिचाच. वडील कचरत होते. आपल्यातलं कोणी त्या शाळेत नाही, पोरगी एकटी पडेल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी माझा हात धरून मला फाटकापर्यंत तीच घेऊन गेली.

मी सातवीत होते त्या वर्षी नवा अभ्यासक्रम आला आणि टकळीचा तास गेला. हेडमास्तरांनी तिला बोलावलं, ते बोलणं तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. "वत्सलाबाई, जूनपासून टकळी बंद. तुमचं नाव अतिरिक्तमध्ये चाललं." अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला शिक्षण खातं जिल्ह्यात जागा असेल तिथे पाठवत असे, आणि तशी जागा नसली तर नुसतं बसवून ठेवत असे. तिच्याबरोबर शिकलेल्या एक बाई जंगलातल्या कुठल्याशा गावी गेल्या होत्या आणि तिथून हिवतापच घेऊन परत आल्या. "मंग मी का करू सर?" असं आत्याने विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "इंग्रजी घ्या ना. पाचवीपासून सगळ्यांले लागू झाली अन् शिकवाले माणूस नाही."

आत्याने इंग्रजी घेतली. खात्याचा छोटा अभ्यासक्रम होता, शेवटी एक पेपर आणि तपासायला येणाऱ्या खात्याच्या साहेबांसमोर वर्गावर एक पाठ. पेपरात ती पास झाली. पाठात मात्र अडकली, कारण पाठाचा नियम असा की शिक्षकाने मराठीचा एकही शब्द उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, इंग्रजी वाक्य म्हणायचं, मुलांकडून म्हणवून घ्यायचं. साहेब मागच्या बाकावर बसून दर मराठी शब्दाला कागदावर एक रेघ ओढत होते. अकरा रेघा झाल्या आणि आत्या नापास. आणखी एकच संधी होती, मार्चमध्ये. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "तोंडातून निघूनच जाते वं," ती मला म्हणाली. "पोट्टं विचारते, मी सांगतो. एवढ्या वर्षाची सवय. कशी जाईन?"

म्हणून आम्ही सराव सुरू केला. शाळेतून आल्यावर, दिवेलागणीच्या आधी, समोरच्या खोलीत चार पाट मांडायचो. आत्या शिक्षक आणि सगळा वर्ग मी एकटी. माझ्या शाळेत मी स्वतःहून कधी हात वर केलेला नव्हता. सहा वर्षं एकाच बाकावर भिंतीच्या बाजूला बसत आले होते. पण इथे मी पहिल्या पाटावरची हुशार मुलगी व्हायचे, दुसऱ्यावरची झोपाळू, तिसऱ्यावरची रडकी, आणि शेवटच्या पाटावरचा वात्रट मुलगाही मीच. आत्या स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवून विचारायची, "व्हेअर इज द पॉट?" आणि मी शेवटच्या पाटावर उडी मारून ओरडायचे, "तुमच्या डोक्यावर!"

"थांब मेल्या, येतो तिकडे!"

"फेल!" मी टाळी वाजवायचे. "मराठी बोललीस. एक रेघ."

मग पुन्हा पहिल्यापासून. "बाई, पाणी पिऊ?" "जाय ना बाप्पा." फेल. "बाई, यानं मले चिमटा घेतला." "कोणं? इकडे ये रे." फेल. पदराने डोळे पुसत ती हसायची. एवढी मोठी बाई माझ्या एका शब्दाने फसते याची मला गंमत वाटायची. आयुष्यात कधी बोलले नव्हते तेवढं मी त्या खोलीत बोलले. तिच्या रेघा मात्र कमी होत नव्हत्या. शेवटी मीच तिला युक्ती सांगितली.

"आत्या, तू ऐकतेस ना, म्हणून उत्तर देतेस. ऐकायचंच नाही. आमच्या सिस्टर मराठीत मागितलेलं ऐकतच नाहीत. फळ्याकडे बघत राहतात. इंग्रजीत विचारलं की मग वळतात."

"अन् ज्याले येत नाही त्याले?"

"येतं मग," मी म्हणाले.

मला माहीत होतं, ते कसं येतं. पहिलीत असताना मी दोनदा उठून मराठीत "जाऊ?" असं विचारलं होतं आणि सिस्टर फळ्याकडे बघत राहिल्या होत्या. त्या दिवशी आत्याच मला घ्यायला आली होती. मी स्वेटर काढून कमरेला बांधला होता. "स्वेटर काहून काढला वं, एवढ्या थंडीत?" तिने विचारलं. गरम होतंय, असं मी सांगितलं... तिला ती युक्ती शिकवताना हे मी सांगितलं नाही. ते आठवत नव्हतं असंही नाही.

युक्ती लागू पडली. आधी ती ओठ मिटून, मान वळवून स्वतःला आवरायची, ते दिसायचं. मग तेही दिसेनासं झालं. मी पाटावर उभी राहून "बाई, बाई" करायचे आणि ती शांतपणे तांब्या स्टुलाखाली ठेवत पुढचं वाक्य म्हणायची. पंधरा दिवसांत तिला ऐकू येईनासं झालं. मी खूष होते.

पाठ शनिवारी होता. माझ्या शाळेला सुट्टी, म्हणून टोपली, चेंडू, बाहुली आणि तांब्या घेऊन मीही गेले आणि पाचवी ब च्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात उभी राहिले. साहेब आणि हेडमास्तर मागच्या बाकावर बसले होते. आत्याने पांढरी साडी नेसली होती. पाठ छान चालला होता. टोपलीत चेंडू, टोपलीखाली बाहुली, मुलं एका सुरात म्हणत होती. तांब्या स्टुलावर आला तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. मंदा तिचं नाव, हे मला नंतर कळलं. किडकिडीत, दोन वेण्या वर बांधलेल्या. "बाई, जाऊ?" तिने करंगळी वर केली होती. आत्याने फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "व्हेअर इज द पॉट?" मुलांनी उत्तर दिलं. मंदा पुन्हा म्हणाली, "बाई, जाऊ?" करंगळी तशीच वर. करंगळी काही मराठी नव्हती. आत्याला ती दिसली असणार. तिसऱ्यांदा मंदाच्या आवाजात रडू आलं, तेव्हा आत्या तिच्याकडे वळली आणि तिने "सिट डाउन, प्लीज" म्हटलं. अगदी आमच्या सिस्टरसारखं.

मंदा बसली.

"व्हेअर इज द वॉटर?" आत्याने तांब्या हलवून विचारलं. "द वॉटर इज इन द पॉट," वर्ग म्हणाला. आणि मग पलीकडच्या रांगेतला एक मुलगा हात वर करून उभा राहिला. शब्दन्‌ शब्द नीट जुळवत तो म्हणाला, "टीचर, द वॉटर इज अंडर द बेंच."

वर्ग हसायला लागला. साहेबांना मागच्या बाकावरून फरशी दिसत नव्हती. त्यांना वाटलं, मुलगा शिकवलेलं वाक्य आपल्या मनाने फिरवून वापरतो आहे. परीक्षकांना नेमकं तेच हवं असतं. "व्हेरी गुड!" ते मोठ्याने म्हणाले, तेही हसले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आत्याने बाकाखाली पाहिलं. मग खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडलेले होते. मी मान हलवली. नाही, अशी. थांबू नकोस, मराठी बोलू नकोस.

ती थांबली नाही. पाठ शेवटपर्यंत झाला.

साहेब चहाला गेल्यावर ती मंदाजवळ गेली. "चाल माय, नळावर जाऊ," म्हणून तिने हात धरला. मंदाने हात ओढून घेतला आणि दप्तर तिथेच टाकून पळाली. चपराशी फडकं घेऊन आला, त्याला आत्या "राहू दे" म्हणाली. तांब्यातलं पाणी ओतून तिने स्वतः फरशी पुसली. मी टोपलीत सामान भरत होते.

आत्या पास झाली. साहेबांनी शेरा फार चांगला दिला होता. वडिलांनी पेढे आणले, आत्याने एक घेतला आणि खाल्ला.

मंदा सोमवारी शाळेत आली, मंगळवारी मधल्या सुट्टीत पुन्हा दप्तर टाकून पळाली, आणि मग यायची बंद झाली. मुलं तिला पाहिलं की ते इंग्रजी वाक्य ओरडायची, रस्त्यातसुद्धा. आत्याने त्यांना झोडपून काढलं, पण तोवर उशीर झाला होता. आठवडाभराने ती मंदाच्या घरी निघाली, अमरावती रोडवरच शहराबाहेर असलेल्या वाडी गावाला. मी येते, असं मीच म्हणाले. वाडीत तेव्हाही ट्रकच ट्रक. गोदामांच्या मागे टिनाच्या भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. मंदाची आई दाराशी बसून गोदामात सांडलेले गहू चाळत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही.

"मंदाले पाठव ना माय शाळेत," आत्या म्हणाली. "पोट्ट्यांकडे मी पाहून घेईन. कोणी काही नाही म्हणणार."

"तुमी झाल्या का पास?"

"हाव."

"मंग झालं ना बाई. आता कायले पाहिजे माही पोरगी?"

आत्या उभीच होती. मंदाची आई चाळणी हलवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तिनं तीनदा म्हटलं म्हणते. तुमाले ऐकू नाही आलं?"

"आलं," आत्या म्हणाली.

चाळणी थांबली. आत दाराला गोणपाटाचा पडदा होता आणि त्याच्याखाली दोन बारीक पाय दिसत होते. आत्या त्या पायांकडे बघून "मंदा, ये ना माय" म्हणाली. पाय हलले नाहीत. मग तिने बरोबर आणलेलं दप्तर उंबऱ्याशी ठेवलं आणि आम्ही निघालो. बसमध्ये मी म्हणाले, "मीच शिकवलं तुला ते." ती खिडकीबाहेर बघत होती. "तू पोट्टी होती," ती म्हणाली. "बाई मी होतो." तेव्हा मी तिला स्वेटरचं सांगायला हवं होतं. म्हणजे मी अजाण नव्हते, हे तिला कळलं असतं. मी सांगितलं नाही.

त्यानंतर ती चार-पाच वेळा एकटीच वाडीला जाऊन आली. शेवटच्या वेळी खोलीला कुलूप होतं. ते लोक दुसरीकडे कामाला गेले, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. मंदा पुढे शिकली की नाही, कुठे आहे, मला माहीत नाही. आत्यालाही कळलं नाही. पुढची सगळी वर्षं ती त्याच शाळेत, त्याच परवानगीवर इंग्रजी शिकवत राहिली. टकळीबाईची ती इंग्रजीची बाई झाली. माझ्याकडून तिने पुन्हा काही शिकून घेतलं नाही. अडलेलं वाक्य वहीत लिहून ठेवायची आणि कोर्स घेतलेल्या दुसऱ्या बाईंना विचारायची. आमच्यात भांडण नव्हतं. ती मला डबा भरून द्यायची, माझे केस विंचरायची. पण पाट पुन्हा मांडले गेले नाहीत.

पोटाचा आजार कळला तेव्हा फार पुढे गेलेला होता. हॉस्पिटलमध्ये ती सात आठवडे होती. मी ऑफिस सुटलं की जायचे. शेवटून दुसऱ्या भेटीत, शेजारच्या कॉटवरची म्हातारी आयाला हाका मारत होती आणि दारातली आया दुसऱ्या आयाशी बोलत उभी होती. मी उठावं की उठू नये हे ठरवेपर्यंत आत्या सलाइनच्या नळीसकट अर्धी खाली उतरली होती. नर्स धावत आली. "मावशी, तुमी काहून उठून राहिल्या? पडल्या तर?"

"तिले जायचं आहे," आत्या म्हणाली. धाप लागली होती तिला. "कवाची सांगून राहिली ते."

तेव्हाही माझ्या मनात आलं, की आज स्वेटरचं सांगावं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती ग्लानीत होती, आणि त्याच्या पुढच्या दिवशी तो फोन आला.

गेल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, बाईंचं कपाट रिकामं करून द्या. मी गेले. कपाट पाचवी ब च्या वर्गात होतं आणि तिथे तास चालू होता, म्हणून दाराशी थांबले. आत्याच्या जागी आलेल्या बाई माझ्याच वयाच्या आहेत, नीटनेटक्या, थोड्या घाबऱ्या. त्या इंग्रजी शिकवत असताना एक मुलगा उठला, कुणाला काही न बोलता माझ्या शेजारून बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने येऊन बसला. मग एक मुलगी उठली. मी बघते आहे हे बाईंच्या लक्षात आलं. मुलांना पाटीवर लिहायला लावून त्या दाराशी आल्या.

"पाहा ना," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुमच्या आत्याबाईंनी लावून ठेवलं. विचारायचंच नाही, उठायचं अन् जायचं. म्हणे पहिल्या दिवसापासून ह्या वर्गाचा हाच कायदा. आता मोडतो मी. मले पुढच्या महिन्यात इंग्रजीचा पाठ द्यायचा आहे, साहेब येणार. त्याच्यासमोर असं चालते का?" आणि मग, "काहून लावलं असन त्यांनी असं? तुमाले माहीत आहे का?"

मी "नाही" म्हटलं. कपाट उघडलं, सामान पिशवीत भरलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

बाई, मला माहीत होतं. ते तिथे दाराशी उभं राहून सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. तुमच्याकडे वर्तमानपत्राची ही पुरवणी येत असेल तर वाचा. तुमच्या पाठाला अजून तीन आठवडे आहेत. मी निघाले तेव्हा बाहेर गेलेली ती मुलगी परत येत होती. ओले हात फ्रॉकला पुसत ती आत गेली, जागेवर बसली आणि तुम्ही सांगत होता ते वाक्य बाकीच्यांबरोबर म्हणू लागली. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. तुम्हीही नाही. तुमचा पाठ चालूच होता.